जयाबाईंचं बोलणं ऐकू यावं म्हणून

येळ्ळूरच्या भावकू पाटलांची उभी नोकरी हवाई दलात गेली, विमानांची चाकं आणि ब्रेक दुरुस्त करण्यात. निवृत्त होऊन ते निपाणीत राहायला आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दोन माणसांचं हलकं विमान जोडलं. निपाणीजवळच्या माळावर एका ओळखीच्या बागायतदाराची धावपट्टी होती. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं असायचं. रीतसर परवानगी होती, विमान उडायचंही झकास. फक्त इंजिन सुरू झालं की हेडफोनमध्ये अशी शिट्टी वाजायची, की शेजारच्याचं बोलणं तिच्यात बुडून जायचं.

बायकोला, जयाबाईंना, त्यांनी मोठ्या हौसेनं वर नेलं. थोड्याच वेळात त्यांच्या पोटात ढवळायला लागलं. "खाली घ्या! खाली घ्या!" त्या ओरडल्या. भावकूंना वाटलं, बाई खुशीत आल्यात. त्यांनी विमान आणखी तिरकं केलं.

उतरल्यावर जयाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "माझं बोलणं ऐकू येईल त्या दिवशी बसीन. तोवर न्हाय."

हे भावकूंना लागलं. निपाणीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या ज्योत्स्नाला त्यांनी बोलावून घेतलं. तिनं पॅनेलखाली डोकं घालून बघितलं आणि ती हसतच बाहेर आली.

"अण्णा, ही वायरिंग म्हणायची का पाखराचं घरटं? रेडिओच्या वायरी इंजिनच्या वायरींना मिठी मारून बसल्यात. आणि अर्थिंग? पत्रा दिसला की मारला स्क्रू!"

"विमान उडतंय न्हवं?"

"उडतंय. पण बोलू देत नाही."

मग सगळं उपसलं. ज्या वायरी भावकूंनी एवढ्या हौसेनं ओवल्या होत्या, त्यांचा ढीग बघून त्यांचा जीव तुटला. पण नवं काम सुरू झालं आणि ते त्यात रमले. रेडिओच्या वायरी जाळीच्या कवचाच्या, डाव्या अंगानं. इंजिनकडच्या उजव्या अंगानं. सगळं अर्थिंग एकाच तांब्याच्या पट्टीवर. जयाबाई जेवणाचा डबा घेऊन यायच्या आणि विमानाकडं पाठ करून बसायच्या. हळूहळू त्यांची मान वळू लागली. एके दिवशी तर त्यांनीच बॅटरीचा उजेड धरला. "आवं, ती पिवळी राहिली की!"

तपासणीचा इंजिनिअर येऊन मंजुरी देऊन गेला. मग एका सकाळी जमिनीवरच इंजिन सुरू केलं. जयाबाई शेजारच्या सीटवर, कानाला हेडफोन, पण पाय बाहेर. भावकूंनीही हेडफोन लावला. कानात शिट्टी नाही, काहीच नाही. त्यांचा चेहरा पडला. "गेला गं रेडिओ. मेला बघ."

तेवढ्यात कानाशी कुणीतरी खाकरलं. अगदी स्वच्छ.

"मला ऐकू येतंय की सगळं," जयाबाई म्हणाल्या. "मरायला काय झालं त्याला?"

भावकू असे हसले, की बाहेर उभ्या ज्योत्स्नानं न ऐकताच टाळ्या वाजवल्या. जयाबाईंनी पाय आत घेतले आणि पट्टा स्वतःच बांधला.

वर गेल्यावर वेदगंगेचं वळण दिसलं, तंबाखूची शेतं दिसली, आणि जयाबाईंची जी टकळी सुरू झाली ती थांबेचना. "त्यो बघा माझ्या म्हायेरचा मळा! दादानं विहिरीपतोर ऊस लावलाय. मला बोलला न्हाय! जरा खाली घ्या, बघू दे."

"घेतो," भावकू म्हणाले, आणि अगदी सावकाश विमान खाली आणू लागले.