मीठ मागायचं ते कन्नडमध्येच

मी कळंबची. लग्न होऊन कर्नाटकच्या सीमेजवळ, लोहाऱ्याकडं आले, तर सासरच्या स्वयंपाकघरात सगळा कारभार कन्नडमध्ये. माझ्याशी मात्र सासूबाई जपून मराठी बोलायच्या, पाहुण्यांशी बोलावं तसं. जावेशी बोलताना त्या खळखळून हसायच्या आणि मी भाकरी थापत उगाच ओठ ताणायची. त्या हसण्यात मला जागा हवी होती.

शाळेत पाठांतरात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हटलं, भाषा ती काय, घेऊ शिकून. दुपारभर शब्द घोकायचे आणि संध्याकाळी पाटी कोरी. स्वतःचाच संताप यायचा.

एकदा आमटी चाखून मी जावेला म्हटलं, "जाऊबाई, मीठ द्या." सासूबाईंनी बरणीवर हात ठेवला.

"कन्नडमधी माग."

आदल्या दिवशीच पाठ केलेला शब्द काही केल्या आठवेना. जाऊ सांगायला गेली, तर सासूबाई तिच्यावरच डाफरल्या, "तू सांगू नगंस. तिचं तिला आठवू दे." तिकडं तव्यावर भाकरी करपायला लागली. मला असा राग आला म्हणता! त्या रागातच तोंडातून निघालं, "उप्पु कोड्री!" बरणी पुढं आली. तो शब्द नंतर कधी विसरले नाही.

मग तोच रिवाज पडला. आलेला शब्द सासूबाई लगेच परत विचारायच्या नाहीत. मी विसरायच्या बेतात आले की शेंगा फोडताना, कपडे वाळत घालताना अचानक विचारायच्या. डोकं खाजवून आठवलेलं मग पक्कं बसायचं.

दिवाळीला माहेरी चांगली महिनाभर राहिले. परतताना एसटीत जीव धास्तावला होता, सगळं पुसलं गेलं असलं तर? आल्या संध्याकाळीच गॅसवर दूध ठेवून मी माहेरच्या गप्पा सांगत बसले आणि दूध उतू गेलं. सासूबाई उसळल्या. भान कुठं असतं तुझं, आईनं लाडावून ठेवलंय, दूध काय नळाला येतं? सगळं धाडधाड कन्नडमध्ये. माझ्यावर त्या पहिल्यांदाच त्यांच्या भाषेत रागावल्या होत्या.

जाऊ मला मराठीत समजवायला पुढं झाली.

"नका सांगू, जाऊबाई. सगळं कळलं."

ओटा पुसताना मला हसू आवरेना. ओरडा खाऊन एवढी खूश झालेली सून सासूबाईंनी पाहिली नसावी.