आईनं पाहिलेला सामना

कबड्डीत माझी पकड चांगली होती, म्हणून मी रग्बीत आले. अमडापूरहून रोज एसटीनं खामगावच्या कॉलेजात जायचे. तिथल्या खेळाच्या सरांनी एक दिवस माझ्या हातात लांबुळका चेंडू ठेवला. म्हणाले, "हा घेऊन पुढं पळाचं, पण द्याचा मात्र मागच्याच पोरीले. समोरची आली की धरून पाडाचं. ते तर तुले येतेच."

पुढची काही वर्षं शिबिरांत, निवड चाचण्यांत गेली आणि शेवटी भारताची जर्सी अंगावर आली. परदेशातला तो सामना मोबाईलवर दिसणार होता. आईनं उभ्या जन्मात रग्बी पाहिली नव्हती. आमच्या घराजवळ पंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं, वाइंडिंगचं दुकान आहे; दुकानवाल्यांना आम्ही चाचा म्हणतो. त्यांच्या मोबाईलवर सामना बघायला ती तिथं जाऊन बसली. चाचांनाही खेळातलं काही कळत नव्हतं, पण आमची कुणी पळाली की दोघंही ओरडत होते म्हणे.

उत्तरार्धात समोरची एक धिप्पाड खेळाडू चेंडू घेऊन माझ्या अंगावर आली. मी तिला पाडलं, पण तिच्या वजनासकट उजव्या खांद्यावर आदळले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. स्ट्रेचर आलं, आणि नेमकी तेव्हाच अमडापुरात रेंज गेली.

दवाखान्यातून फोन लागला तेव्हा आई अजून दुकानातच बसली होती.

"जित्ती हायेस ना?"

"हाव आई. हाड मोडलं फक्त."

"मंग उठली काऊन नाही? मले वाटलं..." चाचांनी फोन घेतला. "बेटा, फिकर मत कर. मैं हूँ इधर."

गळ्यात हात बांधून घरी आले. माझे केस विंचरता विंचरता आईनं विचारलं, "ज्या पोरीनं पाडलं, तिले कोणी काई म्हटलं नाही?"

"अवं, पाडलं तर मीच तिले. सामना संपल्यावर ती दवाखान्यात आली होती. माझ्या बुटाच्या लेसा तिनंच सोडल्या."

आईचा हात थांबला. "तिले तर काई लागलं नाही ना?"

नातेवाईक म्हणत होते, आता पुरे, लग्नाचं बघा. आई त्यांना चहा द्यायची आणि ते गेले की डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामासाठी माझा कोपर धरून हात वर उचलायला लावायची. मी रडायचे. ती सोडायची नाही.

पुढच्या हंगामात मी परत खेळले. पुण्यातल्या एका सामन्याला आईला घेऊन गेले. समोरच्या संघातली एक मुलगी तिच्यासमोरच कोसळली, तशी आई रेषा ओलांडून पाण्याची बाटली घेऊन थेट मैदानात. रेफरीनं शिट्टी वाजवली. सगळे हसले, मीही हसले. आई मात्र त्या मुलीनं पाणी पिईपर्यंत हलली नाही.

नंतर खांदा साथ देईना, तेव्हा थांबले. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. आता खामगावात मुलींना रग्बी शिकवते. कुणाची आई घाबरून भेटायला आली, की तिला काय सांगावं हे मला अजून कळत नाही. मी तिला अमडापूरला आमच्या आईकडं पाठवते. बहुतेक जणींच्या मुली दुसऱ्या दिवशी मैदानावर येतात.