ताईचा नियम

भावंडांची भांडणं मिटवायला नियम काढला तो ताईनेच: ज्यात जास्त जणांचं भलं, ते करायचं आणि हात वर करून ठरवायचं. खिडकीजवळची जागा असो की घरातली एकुलती एक सायकल, नियमाने सगळं सुटायचं. पुढे आई अंथरुणाला खिळली, तेव्हाही हात वर झाले. ताई घरीच शिवणकाम करायची, म्हणजे ती आईपाशी थांबली तर बाकीचे चौघे मार्गी लागणार. लागलेही. धाकटी तर डॉक्टर झाली, रोज कितीजणांना बरं करते. नियम फसला असता तर त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. दरवेळी झळ आपल्यालाच का, हा प्रश्न ताई मशीनच्या खडखडाटात बुडवायची.

आई गेली. ताईने मैत्रिणीच्या गावी दुकान टाकायचं ठरवून बॅग भरली, तोच चौघे येऊन बसले. एकट्या पडलेल्या मावशीचं आता कोण करणार?

"ताई, तुला सवय आहे," भाऊ म्हणाला. "आमचे चार संसार विस्कटण्यापेक्षा..."

पुढचं सगळ्यांना पाठ होतं. हात वर गेले. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या खेपेला साफ नाही म्हणायचं, असं ठरवून तिने मान वर केली, तर हात पाच होते. पाचवा तिचाच होता.