हिरकणीने सोडलेली गोळी

झाई गावच्या हिरकणीला नवऱ्याचा मार नवा नव्हता. रतन चिकूच्या वाडीत मजुरांवर ओरडायचा आणि घरी आला की तिच्यावर हात टाकायचा. तिला डायबेटिस होता. हल्ली बाजारापर्यंत चाललं तरी डाव्या पोटरीत गोळा यायचा, थांबलं की उतरायचा.

डहाणूच्या डॉक्टर मॅडमनी पावलाची नाडी चाचपून पाहिली. "पायाला रक्त कमी पोचतंय," त्या म्हणाल्या. साखरेच्या औषधांच्या जोडीला त्यांनी रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी दिली. "जेवणानंतर रोज एकच. मनाने वाढवू नका, मनाने बंदही करू नका."

एका दुपारी कालवण खारट झालं म्हणून रतनने जेवणाची थाळी तिच्या तोंडावर हाणली. नाकातून रक्त सुटलं ते थांबेचना. पदर भिजला, लादी लाल झाली. रतन घाबरला, आणि घाबरला की तो जास्तच पिसाळायचा.

"त्या गोळीने झालं हे! विष खातेस तू!" त्याने पाकीट पेटत्या चुलीत फेकलं. "परत आणलीस तर तंगडी तोडीन."

ते रक्त बघून तिलाही धसका बसला होता. तिने गोळी सोडली.

पुढे वाडीत पायाच्या बोटाला ठेच लागली. साखरेने पाय बधिर झालेला, तिला कळलंही नाही. जखम चिघळली, बोट काळं पडलं, घरभर वास सुटला. धाकटी बहीण मयुरा भेटायला आली आणि दारातूनच ओरडली, "ताई, ऊठ! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात!"

रतन काठी घेऊन दारात आडवा झाला. पहिला तडाखा मयुराच्या कोपरावर बसला. ती कळवळून खाली बसली. हिरकणीने भिंतीला टेकवलेला कोयता उचलला आणि उलट्या बाजूने त्याच्या मनगटावर घातला. हाड कडकन वाजलं. काठी गळून पडली.

"आता हललास तर धारेने मारीन," ती म्हणाली. लंगडत, मयुराला धरून ती त्याच्या समोरून रस्त्यावरच्या रिक्षापर्यंत गेली.

बोट कापावं लागलं. वापीला नेऊन पायाची तुंबलेली नस उघडली, म्हणून पाय वाचला. तिच्या पाठीवरचे वळ बघून डॉक्टर मॅडमनी विचारलं, तेव्हा तिने पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

"गोळीने नाक फुटत नाही, हिरकणीताई. फुटल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो, एवढंच. तेव्हाच यायचं होतं. गोळी ठेवायची की बदलायची, ते मी बघितलं असतं."

गोळी पुन्हा सुरू झाली. हिरकणी मयुराकडे राहायला गेली, पण त्याआधी पोलीस ठाण्यात गेली.

तक्रार लिहिता लिहिता हवालदार थांबला. "बाई, कोयत्याचं लिहू का? तुमच्यावरही येईल."

"लिहा," ती म्हणाली. "मारलाय मी."