दोघींची अफू

माझा मोठा भाऊ म्हणजे असा गडी, की माजलेल्या रेड्याला शिंगं धरून खाली बसवील. स्वातंत्र्याला फार वर्षं झाली नव्हती. तो एटापल्लीकडं लाकूडकटाईला होता. तिथल्या सागाच्या बुंध्यावर अख्ख्या वऱ्हाडाची पंगत बसावी. तसलंच एक लाकूड घरंगळून त्याच्या मांडीवरून गेलं. त्याची आरोळी ऐकून एका वाघानं जिल्हा सोडला असं म्हणतात. म्हणजे, मीच म्हणतो.

त्याला बैलगाडीत घालून अहेरीच्या दवाखान्यात नेलं. आई सोबत होती. वाटेत भावाची सासूही गाडीत चढली. दोघींचं जन्मात पटलं नाही, पण रीत एकच: दुखणाऱ्याला गुळात अफू चारायची आणि डॉक्टरपुढं तोंड उघडायचं नाही, कारण तो रागावतो. दोघींनी आपापली गोळी चारली, एकमेकींची नजर चुकवून. मी बैल हाकत होतो. मला काय पत्ता.

डॉक्टर नागपूरकडचा. त्यानं विचारलं, "घरी याला काही दिलंत?"

"काईच नाई," दोघी एका सुरात म्हणाल्या. त्यांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरनं मॉर्फिनची सुई टोचली. भाऊ शांत झाला. मग फारच शांत झाला. ओठ जांभळे पडले. छाती इतक्या उशिरानं हलायची, की दोन श्वासांच्या मधे मी सगळ्या देवांना नवस बोलून, कोंबडंसुद्धा कबूल करून बसलो. डॉक्टरनं पापणी उचलली. बाहुली मोहरीएवढी.

त्यानं कपाटातून नव्या औषधाची शिशी काढली. "मॉर्फिन अफूतलंच. मेंदूत ठरावीक जागा असाव्यात. तिथं जाऊन ते बसतं आणि श्वासाचा निरोप दाबून टाकतं. हे औषध त्याला तिथून उठवून स्वतः बसतं. पण हे अफूचं नसेल, डोक्याला मार असेल, तर हेच श्वास आणखी दाबेल. माझ्या एका सुईनं एवढं होत नाही. खरं सांगा."

छाती हलेना.

"हरभऱ्याएवढी," आई म्हणाली. "म्या देल्ली."

सासूनं मान खाली घातली. "मी बी. चिंचोक्याएवढी."

"माह्या पोराले तुमी काऊन देल्ली?"

"पोरगा तुमचा असन. जावई माहा हाय."

डॉक्टरनं सुई दिली. भावानं एक घोट हवा ओढली, मग दुसरा, आणि मांडीचं दुखणं एकदम परत आलं. अफू उठली तसा आरामही उठला. त्यानं जी शिवी हासडली, ती पार सिरोंच्यात ऐकू गेली असेल. आम्ही हसलो. डॉक्टर हसला नाही.

"हे औषध लवकर उतरतं. पोटातली अफू अजून मुरतेय. शिव्या देतोय तोवर बरा आहे. झोपू देऊ नका."

उन्हं कलेपर्यंत तेच चाललं. तो गुंगीत बुडायचा, श्वास अडायचा, आम्ही गदागदा हलवायचो, डॉक्टर पुन्हा सुई भरायचा. शुद्धीवर आला की तो आईचा पदर धरायचा.

"माय, सहन नाई होऊन राह्यलं. थोडीशी अफू दे ना वो."

त्यानं मागितलेलं तिनं कधी नाकारलं नव्हतं. तिचा हात कमरेच्या अफूच्या चंचीकडं गेला. तिनं चंची सोडली, विहिणीच्या हातात दिली.

"इनबाई, हे फेकून या. माह्या हातानं नाई फेकवत."

सासू उठली. जाता जाता तिनं स्वतःच्या ओच्यातलीही पुडी काढली.

भाऊ ओरडत राहिला. आम्ही ते ओरडणं थांबेल की काय, या भीतीनं कान देऊन बसलो.