घासून लख्ख केलेला दात

धाकटी दातांची डॉक्टर. चारचौघांत सासरचे मिरवायचे, "आमची सून डॉक्टर आहे हो!" आणि घरात मात्र तिचं ताट वेगळं. हा थोरल्या जाऊबाईंचा कायदा. "दिवसभर परक्यांच्या तोंडात बोटं घालते, शी!" असं म्हणत त्या धाकटीचं ताट तारेच्या घासणीनं खरवडून काढायच्या. एकदा जेवताना धाकटी सांगत होती, की दात मुळासकट निखळला तर घासायचा नाही, दुधात टाकायचा आणि धावत यायचं. "अगं, जेवतोय ना आम्ही! किळस येते," असं म्हणून जाऊबाईंनी तिला गप्प केलं. धाकटी भरल्या ताटावरून उठली ती वेगळंच बिऱ्हाड करायला. दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

आणि आज त्याच जाऊबाई दवाखान्यात! सोबत लेक, सायकलवरून तोंडावर आपटलेली, ओठ टम्म सुजलेला.

"अगं, काहीतरी कर! पोरीचा नेमका पुढचाच दात गं!" जाऊबाईंनी रुमाल उलगडला. आत दात. पांढराशुभ्र, कोरडा ठणठणीत.

धाकटीनं दात उजेडात धरला. "घासलात?"

"मग? चिखलात पडला होता. साबण-घासणीनं लख्ख केला की!"

"लख्ख केला! मुळावरची जिवंत साय खरवडलीत तुम्ही. तिच्याच जोरावर दात पुन्हा धरतो. घरात दूध नव्हतं?"

"मला कुणी सांगितलं होतं?" जाऊबाई उसळल्या.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी सांगितलं होतं म्हणे! आज हिची अशी खरडपट्टी काढावी, की सात जन्म आठवेल. पण पोरीनं तिची बाही घट्ट धरली होती. "काकू, बसव ना गं." धाकटीनं राग गिळला. हिरडी बधिर केली, दात खाचेत बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला.

"राहील ना?" जाऊबाईंनी विचारलं.

"सध्या राहील. पुढं मूळ झिजत जाईल आणि बहुतेक पडेल. दुधातून आणला असतात, तर आशा होती."

पोरगी रडली नाही. आईकडं बघत सुजल्या ओठांतून सावकाश म्हणाली, "आई, तू काकूचं ताट घासायचीस ना, तस्साच घासलास."

जाऊबाई बाकावर जाऊन बसल्या. धाकटीनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.