खुब्याखालचं हाड
मूर्तिकाराच्या दारात ओल्या प्लास्टरचा वास आला की मला नागपूरच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. खुब्याचा सांधा झिजल्यामुळे नांदुऱ्याच्या घरात मला उंबरा ओलांडणंही जड झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "सांधा तसाच ठेवू. त्याच्याखाली हाड कापून जरा सरकवू, म्हणजे भार दुसरीकडे पडेल." सासूबाईंनी विचारलं, "चांगलं हाड काऊन कापता, साहेब?" डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, पण माझ्या कानात 'कापून' एवढंच राहिलं. भूल द्यायला नाकावर ईथरची जाळी आली तेव्हाही मी "पाय ठेवा, पाय ठेवा" म्हणत होते. शुद्धीवर आले तर कमरेखाली दगडासारखं जड काहीतरी होतं आणि उजवा पाय जाणवतच नव्हता. "पाय कापला का हो?" मी विचारलं. सासूबाई उठून खाटेच्या पायथ्याशी गेल्या. मला वाटलं, कापलाच. मग त्यांनी चादर सारली. "प्लास्टर हाये ते. हा तुहा अंगठा. हालव पाहू." मला मान उचलता येईना, अंगठा दिसेना. मी सगळा जीव तिकडे लावला. "हालला व माय," म्हणत त्या खाटेशी खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. माझ्याइतक्याच त्याही घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. आज तो पाय बोटभर आखूड आहे, चालताना मी एका बाजूला झुकते. पण शेवटच्या आजारात सासूबाईंना उचलून बसवायला मी त्याच पायावर उभी होते.